ल गुइन यांच्या कथा : १९७५ चा संग्रह की २०१२ ची निवड?

अमेरिकन विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखिका उर्सुला के. ल गुइन यांच्या कथांकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकापुढे ‘द विंड्स ट्वेल्व्ह क्वार्टर्स’ (१९७५) आणि ‘द अनरिअल अँड द रिअल’ (२०१२) असे दोन पर्याय असतात. पहिल्यात १७ कथा साधारणतः लेखनक्रमाने लावलेल्या असून प्रत्येकीच्या आरंभी लेखिकेचे छोटे टिपण आहे. त्यामुळे १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीची बीजे १९६४ च्या दोन कथांत कशी पडली होती, हे उलगडत जाते. त्यांतील ‘द रूल ऑफ नेम्स’मधला, साधे मंत्रही धड न जमणारा लठ्ठ जादूगार टेकडीखालच्या गुहेत राहतो आणि तेथे कोणालाही पाऊल टाकू देत नाही, का, ते आधीच सांगणे अन्यायाचे होईल. दुसरे पुस्तक दोन खंडांचे, लेखिकेनेच निवडलेले आहे. त्याचा पहिला खंड बहुतांशी वास्तववादी असल्याने विज्ञानकथेच्या ओढीने आलेल्याने सरळ दुसरा उघडावा. ‘ओमेलास’ या काल्पनिक नगरीची प्रसिद्ध कथा तेथेही आहेच, शिवाय ‘द मॅटर ऑफ सेग्री’सारखी उत्तरकालीन, अधिक परिपक्व दीर्घकथाही आहे. तरीही त्या टिपणांमुळे माझा कौल १९७५ च्या संग्रहालाच आहे.