दोन कपांचा पितळी कॉफी फिल्टर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या एका जुन्या दुकानातून हा फिल्टर आम्ही दोघी मैत्रिणींनी मिळून घेतला, त्याला आता चौदा महिने झाले. साडेनऊशे रुपये पडले, ते निम्मे-निम्मे भरले. त्याच दुकानात एवढाच स्टीलचा फिल्टर तीनशेच्या आत मिळत होता आणि तसा एक कपाचा माझ्या घरी आधीपासून आहेही. तेव्हा या अभिप्रायात दोहोंची तुलना ओघाने येईलच. दुकानदाराने पितळी फिल्टर पुढे ठेवताना "दोन कपांचा आहे" एवढेच सांगितले होते. त्या वेळी ते केवळ माप वाटले. पुढे लक्षात आले, की या भांड्याचा सगळा गुण आणि जवळजवळ सगळा दोष त्या दोन शब्दांत आहे.

ज्यांच्या घरी चहाच होतो, त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगते. एकावर एक बसणारी दोन उभट भांडी असतात. वरच्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोके असतात, त्यात कॉफीची पूड घालायची, तिच्यावर छत्रीसारखी दांडी असलेली चकती हलक्या हाताने दाबायची, उकळी येऊन बुडबुडे थांबलेले पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून बाजूला व्हायचे. खालच्या भांड्यात थेंबथेंब जे जमते ते डिकॉक्शन. आमच्या फिल्टरला पोह्याचे तीन चमचे शीग लावून पूड लागते आणि साधारण दीडशे मिलिलिटर पाणी. त्यातले काही पूडच पिऊन टाकते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उरते ते दोन कपांना नेमके पुरते. प्रत्येक कपात एक भाग डिकॉक्शन आणि दोन भाग कढत दूध, हे आमचे प्रमाण.

आता मुख्य गोष्ट. या फिल्टरमध्ये एका माणसाची कॉफी होत नाही. निम्मी पूड आणि निम्मे पाणी घातले, की एक कप व्हायला हवा, असे गणित कोणीही करील. मीही केले आणि सलग आठ दिवस पांचट, तांबूस पाणी प्याले. कारण अगदी साधे आहे. वरच्या भांड्याचा घेर ठरलेला असल्यामुळे पूड निम्मी घातली की तिचा थर पातळ होतो आणि पाणी त्यातून पाच मिनिटांत निसटून जाते. अर्क उतरायला जो वेळ पुडीने पाण्याला अडवून धरायला हवा, तो मिळतच नाही. उलट दोनाऐवजी चौघांची करायची म्हणून पूड ठासून भरली, तर थेंब पडायचेच थांबतात. म्हणून विकत घेणाऱ्याने आपल्याला किती कॉफी आवडते हा विचार करू नये, कॉफीला रोज समोर कोण बसणार आहे हा करावा. आम्ही घेतला तेव्हा आम्हाला त्या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे, अशी खात्री होती.

माझी मैत्रीण बँकेत आहे. नेरुळला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात ती अकरा वर्षे राहत होती आणि त्याआधी बदलीच्या नोकरीत चार वर्षे चेन्नईला काढून आली होती. फिल्टर कॉफीचे वेड तिने तिथूनच आणले. तिच्याकडचा जुना स्टीलचा फिल्टर गळायला लागला, तेव्हा आता घ्यायचाच तर पितळी घेऊ, रोज सकाळी साडेसहाला दोघी मिळून पिऊ आणि मग आपापल्या लोकलला पळू, असा बेत ठरला. जांभळी नाक्याला आम्ही गेलो होतो, ते तिच्या घोडबंदर रोडवरच्या नव्या घराचे पडदे शिवायला टाकण्यासाठी. ते घर भाड्याने द्यायचे आहे, असे ती तेव्हा म्हणत होती. चार महिन्यांनी तिच्या सासूबाईंचे पाय अधू झाले, नेरुळची इमारत लिफ्टविना चार मजल्यांची, आणि ती तिकडे राहायला गेली. फिल्टर कोणाकडे राहावा, यावर दोन दिवस आग्रह आणि प्रत्याग्रह झाला. शेवटी "अगं, माझ्याकडे सासूबाई चहा घेतात, इकडे तो नुसता काळा पडेल," असे म्हणून तिने तो माझ्या ओट्यावर ठेवला.

तेव्हापासून हा फिल्टर महिन्यातून दोनदा लागतो. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दिवशी ती ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडते आणि दहाच्या सुमारास नेरुळला उतरते. गाडीला लागतो अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन गाठायला कधीकधी त्याहूनही अधिक. ऐरोली सुटले की तिचा फोन येतो, "पाणी ठेव." मी पाणी ठेवते, पूड भरते आणि ती जिना चढून वर येईपर्यंत खालच्या भांड्यात निम्मे डिकॉक्शन उतरलेले असते. बाकीचे दिवस माझा एक कपाचा स्टीलचा फिल्टर आहे आणि तो आपले काम चोख करतो.

चवीत पितळ आणि स्टील यांत फरक पडतो का, हे लोक हटकून विचारतात. माझे मत असे, की पितळ उष्णता जरा चांगली धरते म्हणून वरचे पाणी थोडे उशिरा निवते, पण डोळे बांधून दोन कप समोर ठेवले तर मला ओळखता येणार नाही. मैत्रिणीला येईल, असे ती म्हणते. आम्ही परीक्षा घेतलेली नाही, कारण ती हरली तर दिवसभर तोंड पाडून बसेल. चवीतला खरा फरक पुडीने पडतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ, त्यात कॅफीन नसते. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी असता येत नाही आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते, तेव्हा घेताना ते वाचावे. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे थेंब सावकाश पडतात आणि डिकॉक्शन काळेभोर, दाट होते. मला ऐंशीला वीस हे प्रमाण आवडते. तिला चिकोरीचा वासही नको असतो. एका दुकानदाराने एकदा ताजी कॉफी दळून देताना ती मैद्यासारखी बारीक दळली, तेव्हा मात्र दोघींचेही एकमत झाले: तासाभरात बोटभर डिकॉक्शन उतरले आणि त्यातही गाळ होता. फिल्टरसाठी पूड बारीक रव्यासारखी हाताला लागली पाहिजे.

या पुडीपेक्षा मोठा वाद जायफळाचा आहे. आमच्या घरी कॉफी म्हणजे साखर घालून आटवलेले दूध, त्यात चमचाभर कॉफी आणि वरून किसलेले जायफळ. कोजागरीला, लग्नघरात, आणि कोणाचे डोके दुखत असले की. इतर वेळी चहा. मी फिल्टर कॉफीतही चिमूटभर जायफळ घालते आणि कप-बशीतून पिते. तिने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाली, "ही कॉफी नाही गं, पातळ बासुंदी आहे." ती स्वतः दवरा-टंबलर, म्हणजे दाक्षिणात्य पद्धतीची खोलगट वाटी आणि पेला, घेऊन बसते, हातभर उंचीवरून ओतून फेस आणते, आणि त्या खटाटोपात माझ्या ओट्यावर दर वेळी चार थेंब सांडतात, जे पुसायचे काम अर्थातच माझे. अकरा वर्षांत तिने जायफळ घातले नाही आणि मी बशी सोडली नाही. दोघींच्या कपांत डिकॉक्शन मात्र एकाच भांड्यातले असते आणि पूड कोणाच्या पसंतीची, हे शनिवार ठरवतो: दुसरा तिचा, चौथा माझा.

देखभालीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे माझ्याकडून मोठी चूक झाली. पितळी फिल्टर बाहेरून काळवंडतो. तो मी पितांबरीने घासते, जी ठाण्याच्याच कंपनीची आहे, आणि मैत्रीण चिंचेच्या कोळाचा आग्रह धरते. दोन्हींनी तो उजळतो, चिंचेने जरा गुलाबी झाक येते. आतून मात्र काहीच घासायचे नाही, कारण आत कल्हई असते. कॉफी थोडी आंबटच, म्हणून ती उघड्या पितळेत ठेवू नये, यासाठी ती कथलाची झिलई. दुसरी गोष्ट भोकांची. कॉफीत तेल असते, ते भोकांत सुकून बसते आणि पाच-सहा महिन्यांत थेंब रेंगाळू लागतात. स्टीलच्या फिल्टरवर याला घरगुती उपाय आहे: वरचे भांडे कोरडे करून चिमट्याने गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटे धरायचे, बसलेला चोथा जळून जातो आणि भांडे आपटले की भोके मोकळी होतात. मी हे वर्षानुवर्षे करत आले आहे. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री, उद्या ती येणार म्हणून, मी तेच पितळी भांड्यावर केले.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी तापलेली असते, हे मला शाळेत शिकवले असणार. मिनिटाभरात भांड्याच्या तळाशी पाऱ्यासारखे चकचकीत थेंब फिरू लागले. मी घाबरून ते सिंकमध्ये टाकले, चर्र आवाज झाला, आणि थंड झाल्यावर पाहिले तर अर्ध्या तळाला पिवळे उघडे पितळ दिसत होते आणि उरलेल्या अर्ध्यातली भोके कथलाने बुजली होती. शनिवारी ती आली, फिल्टर हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "बरं झालं, माझ्याकडे नव्हता. नाहीतर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस." त्या दिवशी आम्ही चहा घेतला.

यापुढे ज्या अडचणीची पितळी फिल्टर घेणाऱ्याने आधीच तयारी ठेवावी, ती म्हणजे कल्हईवाला शोधणे. नेरुळच्या आमच्या सेक्टरात भंगारवाला, चादरवाला, चाकूला धार लावणारा असे सगळे फिरतात, कल्हईवाला नाही. तीन महिने फिल्टर कपाटात पडून होता. अखेर मैत्रिणीच्याच कार्यालयातल्या शिपायाने सांगितले, की ठाण्याच्या जुन्या बाजारात एक गृहस्थ अजूनही बसतात, आणि मग एका चौथ्या शनिवारी ती इकडे येण्याऐवजी मी तिकडे गेले. पिशवीत फिल्टर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

जमिनीत छोटी शेगडी, भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा आणि कोळशाची धग. त्यांनी भांडे चिमट्यात धरून तापवले, चिमूटभर नवसागर आत टाकला, पांढरा धूर निघून आमच्या नाका-डोळ्यांत गेला, आणि त्या धुरातच कथलाची कांडी एकदा आत टेकवून कापसाच्या बोळ्याने ते सर्रकन सगळीकडे फिरवले. क्षणापूर्वी करड्या दिसणाऱ्या भांड्यात आरशासारखे पांढरे पसरले. मग पाण्यात बुडवले. खालच्या भांड्याचे काम दोन मिनिटांत झाले. चाळणीच्या भांड्याला मात्र त्यांनी बराच वेळ दिला, कारण कथील जिथे टेकेल तिथले भोक बुजवणार. ते गरम असतानाच पुसायचे, दगडावर उलटे आपटायचे, पुन्हा तापवायचे. "आता असली कामं येत नाहीत, ताई," ते म्हणाले, आणि अडीचशे रुपये सांगितले. मैत्रीण सवयीने घासाघीस करायला तोंड उघडत होती, मी तिचा हात दाबला.

तेव्हा हिशेब असा: साडेनऊशेचा फिल्टर, अडीचशेची कल्हई, आणि तीन महिने बिनकामाचा. ज्यांना भांड्याचे कौतुक करायला वेळ नाही, त्यांनी सरळ स्टीलचा घ्यावा. कॉफी तितकीच चांगली होते आणि गॅसवर धरता येतो. पितळी घेणारच असाल तर कल्हईवाल्याचा पत्ता आधी मिळवा. वरचे आणि खालचे भांडे एकमेकांत फार घट्ट बसत असेल तर घेऊ नका, कारण खालची हवा कोंडून थेंब थांबतात आणि दर वेळी भांडे जरा उचकटून हवा सोडावी लागते. आमच्या फिल्टरला ही खोड आहे. आणि दुकानात वरचे भांडे उजेडासमोर धरून तळाची भोके पाहून घ्या. आम्ही घेतला त्या दिवशी मैत्रिणीने असे पाहिले, तेव्हा दुकानदार हसला होता.

कल्हई करून आणल्यावर तिच्या घरी गेलो, तेव्हा तिने पहिले काम तेच केले. घोडबंदर रोडच्या बाजूच्या खिडकीशी उभी राहून एक डोळा मिटून आत पाहिले आणि पाच भोके अंधारी आहेत, असे जाहीर केले. सासूबाईंनी आतून शिवणाची सुई आणून दिली. चार मोकळी झाली. पाचव्यात सुई मोडली, तिचे टोक अजून तिथेच आहे, आणि त्या बाजूला थेंब पडत नाही.