डक्टला येणारा घाम आणि 25 मिमी नायट्राइल रबर: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

एसीची गार हवा खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांवर, म्हणजे डक्टवर, बाहेरून पाणी जमून टपकायचं, म्हणून त्यांना नायट्राइल रबरचं (फोमसारखं मऊ इन्सुलेशन) आवरण लावलं. मार्चमध्ये हे काम करून घेतलं आणि आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर सगळा बघून झालाय म्हणून लिहिते. मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर लगेच मस्त म्हणून मोकळी झाले असते, पण डक्टची खरी परीक्षा पाऊस लागल्यावरच होते.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. हॉल आणि एक बेडरूम मिळून डक्टेबल एसी आहे, डक्ट सगळे फॉल्स सीलिंगच्या वरून गेलेत. गेल्या वर्षी जुलैत डायनिंग टेबलच्या बरोब्बर वर पिवळा डाग दिसला, मग थेंब पडायला लागले, खाली पातेलं ठेवावं लागलं. आम्ही सरळ धरून चाललो की वरच्यांचं बाथरूम गळतंय. वरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने टाइल्सचे सांधे परत भरून घेतले तरी पाणी थांबेना. मग आम्ही चार दिवस गावी गेलो, एसी बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि परत येऊन बघतो तर छत कोरडं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काकूंकडे जाऊन माफी मागितली, खर्चही दिला, पण त्यांना उगाच त्रास दिला याचं अजून वाईट वाटतं.

ट्रॅपडोअर उघडून बघितलं तर डक्टवर फक्त 9 मिमीचं इन्सुलेशन, वरून चकचकीत फॉइल. दोन डक्ट जोडतात त्या फ्लँजवर काहीच नाही, आणि डक्ट ज्यावर लटकतो त्या हँगरची लोखंडी पट्टी थेट पत्र्याला टेकलेली, तिथूनच पाणी टपकत होतं. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने पैसे पूर्ण घेतले होते आणि काम हे असं. फॉइलचं मला नंतर कळलं, चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता फारशी घेत नाही, म्हणून तो जास्त थंड राहतो आणि त्याला घाम लवकर येतो, म्हणजे फॉइल असेल तर जाडी उलट जास्तच लागते.

हे गणित एकदा समजून घ्या, बाकी सगळं त्यातून येतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर साधारण 26 अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. डक्टमधली हवा असते 13-14 अंश. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग 26 च्या वर ठेवायचा एवढाच खेळ आहे, आणि तो 9 मिमीत होत नाही, 13 मिमी पण काठावर राहतं.

नवीन एसीवाल्याने जुनं सगळं ओरबाडून काढलं, पत्रा पुसून कोरडा केला आणि 25 मिमी नायट्राइल रबर चिकटवलं. याच्यातली छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात त्यामुळे हवेतली वाफ आत पत्र्यापर्यंत जात नाही. ग्लासवूलचं तसं नाही, त्याच्यावरचं आवरण एकदा फाटलं की ते आतून भिजतं आणि मग काही उपयोग उरत नाही. फ्लँजवर वेगळे तुकडे, प्रत्येक सांध्यावर नायट्राइलचीच टेप, हँगरच्या खाली लाकडी ठोकळे, आणि चिकटवल्यावर 24 तास एसी लावायचा नाही. हे शेवटचं त्याने दोनदा बजावलं. वास मात्र आठवडाभर गेला नाही, घरात दमेकरी असेल तर चार दिवस दुसरीकडे राहा. खर्चाचं म्हणाल तर रबरपेक्षा पीओपी तोडून परत करण्यातच जास्त पैसे गेले, म्हणून घर नवीन करताय तर आत्ताच जाड घालून घ्या.

तरी जूनच्या शेवटी एका कोपऱ्यात ओल दिसलीच. मी धसकले. छोटा आर्द्रता मोजायचा मीटर सीलिंगच्या वर ठेवला तर 88 टक्के, खाली खोलीत 58! शोधलं तर आमच्याच टॉयलेटच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप सीलिंगच्या आतच सोडलेला, अंघोळीची सगळी वाफ डक्टच्या डोक्यावर. तो पाइप बाहेरपर्यंत नेला, आठवड्यात मीटर सत्तरच्या आसपास आला आणि ती ओल गेली ती गेलीच. नुसतं रबर गुंडाळून थांबले असते तर मी आज इथे रबरलाच शिव्या घालत असते.

आता एसी 24-25 वर ठेवतो, पूर्वी 18 वर असायचा. फॅन अगदी लो ठेवत नाही आणि फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुते, कारण हवा कमी फिरली की डक्टमधली हवा अजून गार होते आणि घाम वाढतो.

पॅसेजमध्ये एसीची हवा बाहेर येते त्या ॲल्युमिनियमच्या ग्रिलला ऑगस्टमध्ये अजूनही थेंब यायचे, मुख्य दार उघडं राहिलं की जास्तच. तिथे प्लॅस्टिकचं ग्रिल लावायचं ठरवलंय, दिवाळीनंतर कारागीर येणार आहे. डायनिंगवरचा डाग रंगवून घेतला त्याला सहा महिने झाले, परत उमटलेला नाही.