हुकअप नसेल तिथे आधी हिशेब: व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीत टेक्सस स्प्रिंग कॅम्पग्राउंडवर हुकअप, म्हणजे गाडीला वीज-पाणी जोडायची सोय, नाही आणि जनरेटर लावायलाही बंदी आहे. तिथल्या शांततेसाठी आणि आभाळासाठी आम्ही हिवाळ्यात सॅन होजेहून आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन जातो. छतावरच्या सोलरमधून दिवसभरात जे बॅटरीत पडेल, त्यावरच संध्याकाळ आणि रात्र काढायची. डिसेंबरात सूर्य कललेला आणि पॅनल आडवे, त्यामुळे आवक बेताचीच असते.

अशा वेळी जो तो सांगतो, आणखी एक बॅटरी घ्या. मी सांगेन, त्याआधी व्हिक्ट्रॉन कंपनीचा ५०० अँपिअरचा स्मार्टशंट घ्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत बसणारा वीजमापक. किंमत त्या बॅटरीच्या मानाने किरकोळ. बॅटरीत किती वीज गेली आणि तिच्यातून किती बाहेर आली याचा तो सतत हिशेब ठेवतो आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतो.

बॅटरी किती भरली ते दाखवणारे आरव्हीच्या भिंतीवरचे चार दिवे लिथियम बॅटरीला निरुपयोगी आहेत. ते जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या व्होल्टेजवर बेतलेले असतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं. वीसेक टक्केच उरली असली तरी ते १२.९ व्होल्टच्या आसपास असतं आणि चारही दिवे ऐटीत 'फुल' दाखवतात.

शंट बसवल्यावर एकेक वस्तू चालू करून फोनकडे बघा, फार शिकायला मिळतं. गाडी गरम ठेवणारी फर्नेस प्रोपेन गॅसवर चालते म्हणून तिचा विजेशी संबंध नाही असं वाटतं, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर फिरतो. आमच्याकडे तो ७ अँपिअर घेतो. रात्रीच्या आठ तासांत निम्मा वेळ चालला तरी २८ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा चौथ्या हिश्शाहून जास्त! इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडलं नाही, तरी दीड अँपिअर. चोवीस तास विसरलात तर ३६ अँपिअर-अवर. आता आम्ही काम झालं की इन्व्हर्टर लगेच बंद करतो, आणि फर्नेसचा काटा उतरवून रात्री दोन गोधड्या घेतो.

उलट, ज्या मिक्सरला सगळे घाबरतात तो निर्दोष निघाला. खोबऱ्याची चटणी वाटायला दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात दीड-दोन अँपिअर-अवर जातात. दीड हजार वॉटची विजेची किटली मात्र पाच मिनिटांत दहा-अकरा खाते. म्हणून आधण गॅसवर आणि चटणी मिक्सरमध्ये, हा आमच्या घरचा नियम झाला.

आता उणिवा. याला स्वतःचा पडदा नाही, फोन हवाच. बॅटरी धातूच्या कप्प्यात असेल तर ब्लूटूथ पलंगापर्यंत पोचत नाही. बॅटरीची खरी क्षमता आणि 'भरली' म्हणजे नेमकं किती व्होल्ट, हे ॲपमध्ये आपणच भरायचं. ते न करता आलेल्या टक्क्यांना अर्थ नाही. लागोपाठ ढगाळ दिवस आले आणि बॅटरी पूर्ण भरलीच नाही, तर टक्के हळूहळू खऱ्यापासून सरकतात. पूर्ण चार्ज झाला की आकडा आपोआप १०० वर येतो.

जोडणीत एकच गोष्ट काटेकोर पाळा. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची बॅटरीकडची बाजू, आणि बाकी झाडून सगळ्या निगेटिव्ह तारा दुसऱ्या बाजूला. सोलर कंट्रोलरची आणि चॅसीची (गाडीच्या सांगाड्याची) सुद्धा. एखादी तार थेट बॅटरीवर राहिली तर तिच्यातून जाणारी वीज मोजलीच जात नाही. काम सुरू करण्याआधी सोलर आणि मेन स्विच बंद करा. हात चालत असेल तर दुपारभराचं काम आहे. नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, पण पुढच्या सहलीच्या आधी.