जुन्या टॉकीजचा हॉल कार्यक्रमांसाठी: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

नाशिकच्या जुन्या भागातली ही टॉकीज बंद पडली, लॉबीत दुकानं आली आणि आता आतला हॉल भाड्याने मिळतो. खाली गादीच्या खुर्च्या काढून प्लास्टिकच्या ठेवल्यात, बाल्कनी जशीच्या तशी आहे. एकाने बोलायचं नि बाकीच्यांनी ऐकायचं, अशा कार्यक्रमाला जागा झकास. नाटकाला मात्र नाही: पडद्यामागे जेमतेम भोंग्यांपुरती जागा, विंगा नाहीत, पडदे वर ओढायला उंची नाही. नाटकवाल्यांनी कालिदास किंवा सायखेडकर ही नाट्यगृहंच बघावीत.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो आवाज. सिनेमाच्या ध्वनीत हवा तेवढा घुमार आधीच भरलेला असतो, म्हणून टॉकीजच्या भिंती मुद्दाम आवाज पिणाऱ्या करतात: लाकडी चौकट, आत ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस), वरून भोकांचा बोर्ड. त्यामुळे माइकशिवाय बोलणाऱ्याचा आवाज मागे पोचेपर्यंत मरतो. पण गादीच्या खुर्च्याही आवाज पीत होत्या. त्या गेल्यापासून रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की फरशी आणि छत तिला झेलत बसतात. मधल्या वाटांवर काथ्याची जाड चटई आणि खुर्च्यांखाली सतरंज्या घातल्या की बराच फरक पडतो. रंगकाम करणाऱ्याला भोकांच्या बोर्डाजवळ फिरकू देऊ नका. ऑइलपेंटने भोकं बुजली की मागचं ग्लासवूल असून नसल्यासारखं.

बाल्कनीखालच्या रांगांना वेगळे स्पीकर लागतातच. स्टेजपासून तिथवर सुमारे २० मीटर, म्हणजे मूळ आवाज पोचायला जवळपास ६० मिलिसेकंद. मागच्या स्पीकरला ७० मिलिसेकंदांचा डिले द्या, म्हणजे तेवढा उशिरा वाजवा, की आवाज वक्त्याकडूनच आल्यासारखा वाटतो. डिले न देता नुसता आवाज वाढवला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारे) आणि साउंड एकाच फेजवर घेऊ नका, स्पीकर गुणगुणतात.

फरशीचा उतार साधारण १२ फुटांना १ फूट. प्रदर्शन लावणारे यावरून कुरकुरतात, पण उपाय सोपा आहे: २ फूट रुंदीचं टेबल उतारावर आडवं ठेवलं तर खालच्या बाजूच्या पायांखाली २ इंची ठोकळे. भराव टाकून फरशी सपाट करावी आणि लग्नाचा हॉल करावा, अशी कुजबुज आहे. तसं करू नये. पुढच्या टोकाला पाच फुटांहून जास्त उंच भराव लागेल. तो बसत जातो, फरशी तडकते, आणि बाजूच्या भिंती असा रेटा सोसायला बांधलेल्या नसतात. सपाट जागा हवीच असेल तर लोखंडी सांगाड्यावर प्लायचे सुटे प्लॅटफॉर्म.

प्रोजेक्टर प्रोजेक्शन रूममध्ये ठेवायचा मोह टाळा. पडदा ३० फूट रुंद, अंतर ७५ फूट. भाड्याच्या प्रोजेक्टरच्या लेन्सला बहुधा चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं. म्हणजे पडद्यापासून ४५ फुटांवर, खालच्या खुर्च्यांमध्येच स्टँड लावायचा. मागच्या भोंग्यांचा आवाज यावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रं आहेत. चित्रावर लाटा दिसल्या तर झूम किंचित बदलून पाहा.

जुना एअर वॉशर (पाण्याच्या फवाऱ्यातून हवा गार करणारं यंत्र) एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात अजूनही गारवा देतो. बोअरच्या पाण्याने नोझल क्षाराने बुजतात, तेवढे साफ करून घ्या. पावसाळ्यात पंप बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवा, नाहीतर सगळे घामाने चिंब. पत्र्यावर जोराचा पाऊस लागला की गाण्याची मैफल संपलीच समजा. जुलै-ऑगस्टला शास्त्रीय गाण्यासाठी ही जागा घेऊच नका. छतातून गळतं ते पत्र्यामुळे कमी, पन्हळीत कबुतरांची घाण आणि पिंपळाची पानं अडकल्यामुळे जास्त. मेअखेर सफाई झाली का ते विचारा, आणि भिंतीतल्या पिंपळाची रोपंही त्याच वेळी मुळासकट काढायला लावा.

आगाऊ रक्कम देण्याआधी बाजूचे दोन्ही दरवाजे उघडून दाखवायला सांगा. ते बाहेरच्या बाजूला उघडतात, आणि बाहेर दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या लागलेल्या असतात.