कूलंट प्रेशर टेस्टर, काही महिने वापरल्यानंतर

रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) आणि थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानाप्रमाणे सोडणारा व्हॉल्व्ह) घरीच बदलला होता. गाडी मस्त चालत होती पण टाकीतलं कूलंट हळूहळू कमी व्हायचं. नवीन कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा निघते आणि सुरुवातीला लेव्हल थोडी उतरते, ते नॉर्मल आहे, पण इथे उतरणं थांबेचना. जमिनीवर एक थेंब नाही, टेंपरेचरचा काटा जागच्या जागी, आणि गॅरेजवाला बोनेट उघडून बघतो न बघतो तोच म्हणे रेडिएटर गेलाय, नवीन टाका. काहीही न तपासता! चांगला रेडिएटर भंगारात घालायची माझी अजिबात तयारी नव्हती, म्हणून हा हातपंपाचा टेस्टर घेतला.

काम सगळ्यांना माहितीच आहे, कॅपच्या जागी अडॅप्टर लावा, कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरा (बऱ्याच गाड्यांना साधारण १ ते १.४ बार) आणि टेस्टरच्या गेजचा काटा पडतो का बघा, पडला म्हणजे कुठेतरी गळती. काटा पडला. पण कुठेच ओल दिसेना. शेवटी टेस्टरच्याच जोडावर साबणाचं पाणी लावलं तर तिथून बुडबुडे! टेस्टरचा पाइप जिथे खटकन बसतो तिथली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) इतकी पातळ दिली आहे की हवा तिथूनच जाते. अरे हवा धरून ठेवणं हे ज्या वस्तूचं एकमेव काम तिथेच रबर वाचवता? गेज चांगला, पंप दणकट, डबा सुद्धा छान, आणि रिंग अशी. त्या दिवशी मी याला एक स्टार दिला असता. जाड रिंग टाकली, थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, मग काटा हलायचा थांबला.

आता मत बदललं ते इथे. संध्याकाळी इंजिन कोमट असताना टेस्ट केली तर काटा ठाम. सकाळी पूर्ण थंड इंजिनवर तीच टेस्ट, काटा हळूहळू खाली, आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर (कव्हरवर) होज चढतो तिथे क्लिपच्या खालच्या बाजूला, हात घालून बघावं लागतं अशा जागी, एक थेंब जमला. आजूबाजूला पांढरट खरपुडी, म्हणजे गळलेलं गरम इंजिनवरच वाळत होतं, जमिनीपर्यंत येणार कुठून! होजच्या किटमध्ये स्क्रूवाली क्लिप आली होती. ती एकदा आवळली की तेवढीच राहते, रबर मात्र गरम झालं की फुगतं, थंड झालं की आकसतं, आणि काही दिवसांनी दबून बसतं. मग थंडपणी फट. अजून आवळली तर हाउसिंगची प्लास्टिकची मान (ज्यावर होज चढतो ती नळी) तडकायची भीती. कंपनीचा जुना स्प्रिंगवाला क्लॅम्प जपून ठेवला होता, पकडीने कान दाबून तो परत बसवला, होज पुसून मानेवर पूर्ण आत ढकलला. पुन्हा थंड टेस्ट, काटा जागचा हलला नाही!

तेव्हापासून लेव्हल तिथेच आहे, जुनाच रेडिएटर चालू आहे. लीक बंद करायचं ते बाटलीतलं औषध मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, ते टाकलं असतं तर हीटरच्या बारीक नळ्या चोंदायचा धोका आणि क्लिप सैल ती सैलच. नुसतं पाणी ओतत राहणंही नको, कूलंट पातळ होतं आणि गंजरोधक जातो.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी आधी स्वतःच्या गाडीचा अडॅप्टर सेटमध्ये आहे का ते बघा, बाकीचे पडूनच राहतात. गरम इंजिनची कॅप उघडून हा लावायला जाऊ नका, उकळतं कूलंट अंगावर येतं. आणि पहिल्याच दिवशी ओ-रिंग बदला. चार स्टार, पाचवा त्या रिंगपायी गेला.