सुती दोरा की पॉलिएस्टर? लाकडी जहाजाचं दोरकाम सुरू करण्याआधी

लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटमधला दोरा बहुतेक वेळा तुसदार असतो आणि दोनच जाडींत येतो. तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, एवढं बऱ्याच जणांचं लवकर ठरतं. घोळ होतो तो दुकानात. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत जा नाहीतर लातूर-नांदेडच्या शिवणसाहित्याच्या दुकानात, काउंटरवर दोनच गोष्टी येतात: क्रोशाचा सुती दोरा आणि पॉलिएस्टरचं रीळ. जुन्या जहाजांवर तागवर्गीय दोर होते, म्हणून मॉडेलवरही नैसर्गिक धागाच शोभतो असा सल्ला मिळतो. दिसायला तो खराही आहे. पण हे सल्ले देणाऱ्यांच्या घरात कूलर नसतो.

मे महिन्यात मराठवाड्यात दुपारची हवा पार कोरडी. कूलर लावला की त्याच खोलीत तासाभरात ओल चढते, लाइट गेली की उतरते. सुती धागा नेहमीच्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पिळाचा सुती दोर पाणी प्यायला की फुगतो आणि लांबीला आखडतो, सुकला की सैल पडतो. जाड दोर वेगळ्या वेगाने, बारीक वेगळ्या. मग डोलकाठी बाजूंनी सरळ धरणाऱ्या दोरांपैकी, म्हणजे श्राउडांपैकी, दोन-तीन झोल खातात, त्यांना खाली ताणून धरणारी बारीक दोरी, म्हणजे लॅनयार्ड, लोंबते आणि वरची दोन मिलिमीटरची डोलकाठी एका अंगाला कलते. नंतर एकच श्राउड घट्ट करायला गेलात तर शेजारचा ढिला होतो, आणि हा पाठशिवणीचा खेळ संपत नाही.

त्यामुळे श्राउड, डोलकाठीला पुढून आणि मागून धरणारे स्टे आणि बॅकस्टे, म्हणजे कायम ताणात राहणारं सगळं, पॉलिएस्टरचंच करावं. यात आमच्या मते दुमत नसावं. अपवाद एकच: मॉडेल बंद काचपेटीत आणि कूलरच्या झोतापासून लांब राहणार असेल तर सुती दोर चालून जातो.

पण पॉलिएस्टर म्हणजे कुठलंही पॉलिएस्टर नव्हे. शिलाईचं नेहमीचं रीळ ‘स्पन’ असतं, म्हणजे तुटक तंतूंपासून कातलेलं, आणि त्याला सुतासारखंच तूस असतं. भरतकामाचं रीळ गुळगुळीत, पण इतकं चमकतं की जहाज लग्नाच्या रुखवतातलं वाटतं. हवं ते अखंड तंतूचं, कमी चमकेचं. ‘फिलामेंट’ म्हणून मागा आणि उजेडाकडे धरून बघा. नायलॉन घेऊ नका, ते ताणात लांबत राहतं. लेबल नसेल तर टोक जाळून पाहा: सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

रॅटलाइनला, म्हणजे श्राउडांवर चढायच्या आडव्या दोऱ्यांना, मात्र हिशोब उलटा होतो. एका बाजूला ७ श्राउड आणि २५ रॅटलाइन धरल्या तर त्या एका बाजूलाच १७५ गाठी. मधल्या श्राउडांवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची साधी गाठ, दोन्ही टोकांना बांधून घेतलेली. पॉलिएस्टर स्प्रिंगसारखं उसळतं: तिसरी गाठ आवळताना पहिली सुटते, म्हणून प्रत्येक गाठीला सुपरग्लूचा थेंब लागतो, आणि तो जास्त झाला की पांढरा डाग कायमचा. सुती दोऱ्याची गाठ जागेवर बसते. चार भाग पाण्यात एक भाग फेविकॉल, ब्रशच्या टोकाने, एवढं पुरतं. चुकली तर पाण्याने ओली करून सोडवता येते. शिवाय दोन श्राउडांमध्ये रॅटलाइन किंचित खाली झुकलेली दिसायला हवी, आणि तो झोल सुती दोरा ओला असताना बोटाने देता येतो. दोन रॅटलाइनमधलं अंतर १:६४ प्रमाणात, म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या भागाएवढं असेल तर, साडेपाच ते सहा मिलिमीटर. रेघा मारलेला कागद श्राउडांच्या मागे लावूनच बांधावं. गाठ ओढून बांधली तर श्राउड आत खेचले जाऊन मधे कंबर पडते; ही चूक दोन्ही दोऱ्यांत सारखीच होते.

दोर अडकवायच्या खुंट्यांवर, म्हणजे पिनांवर, गुंडाळून लोंबणाऱ्या दोरांच्या वेटोळ्यांनाही सुती दोराच लावा. पॉलिएस्टरचं वेटोळं अंतराळात असल्यासारखं उभं राहतं.

जाडी कशी ठरवायची? जहाजांच्या दोरांच्या जुन्या तक्त्यांत दोराचा घेर इंचांत दिलेला असतो, व्यास नाही, आणि बरेच जण इथेच फसतात. ९ इंच घेर म्हणजे सुमारे ७३ मिलिमीटर व्यास, १:६४ ला १.१ मिलिमीटर. रॅटलाइनचा दीड इंच घेर त्याच प्रमाणात ०.२ वर येतो. रिळातला दोरा मोजायला पेन्सिलीवर २० वेढे चिकटून घ्या: रुंदी ५ मिलिमीटर भरली तर दोरा ०.२५ चा.

जाड दोर घरी वळणार असाल तर ०.२५ चे तीन पदर वळून साधारण ०.५ चा दोर मिळतो. लांबी पाव ते एक तृतीयांश कमी होते, म्हणून एक मीटरसाठी दीड मीटर घ्या. सुती दोर वळून झाला की ताणात ठेवून ओला करायचा आणि तसाच सुकू द्यायचा, पिळ बसतो. पॉलिएस्टर पाण्याला दाद देत नाही; ताणात ठेवून हेअर ड्रायरने गरम करावं लागतं, नाहीतर कापताक्षणी उलगडतं. आणि पिळाची दिशा: जुन्या जहाजांवरचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे, म्हणजे दोर उभा धरला की रेघा डावीकडून वर उजवीकडे चढतात. शिवणाच्या रिळांचा पिळ आधीच तसा असतो, त्यामुळे त्यांचे तीन पदर वळले की दोर डाव्या पिळाचा होतो. डावा पिळ शोभतो तो नांगराच्या जाड दोराला, म्हणजे केबलला. क्रोशाच्या दोऱ्यात दोन्ही पिळ सापडतात, बघून घ्या.

मेण? तूस बसवण्यापुरतं मधमाशीचं मेण सुती दोऱ्याला चालतं. ते ६२-६४ अंशांना वितळतं, पण बेचाळीस अंशांच्या दुपारी मऊ पडतं आणि धूळ धरतं. दोन बोटांतून एकदा ओढा, पुरे.

रंगाचं पॉलिएस्टर तयारच घ्यावं, घरी ते नीट रंगत नाही. सुती दोऱ्याला फिकट तपकिरी रंगासाठी कापडाचा तयार रंग बरा. सुती श्राउड काळसर करायला हिरडा-हिराकस वापरू नका: रंग सुरेख चढतो, पण त्यातलं लोह काही वर्षांत सूत कुजवतं आणि दोर हात लावताच तुटतो.