आपत्कालीन क्रमांक: पाचपैकी साडेतीन तारे

मी नऊ वर्षं कस्टमर केअरमध्ये दुसऱ्यांचे कॉल ऐकून त्यांना गुण द्यायचं काम केलं. कान अजून तसाच आहे. रात्री पावणेदोनला आपत्कालीन क्रमांक फिरवला तेव्हाही मनात रिंगा मोजत होते. तिसऱ्या रिंगला उचलला. संगीत नाही, ‘एक दाबा, दोन दाबा’ नाही. लंडनमध्ये १९३५ साली एका आगीत पाच जणी गेल्या, कारण शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला होता. त्यातूनच १९३७ मध्ये ९९९ हा तिथला आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. तेव्हा या एका गोष्टीत सूट नाहीच, आणि इथे ती द्यावी लागली नाही.

खाली दोघं जण एका माणसाला गाडीला टेकवून मारत होते. मी सुरू केलं, “अहो, इथे एकाला मारतायत, लवकर...” फोनवरच्या बाईंनी मध्येच तोडलं. “कुठे? आधी जागा सांगा.” राग आला मला. माणूस मार खातोय आणि यांना पत्ता हवाय! पण फोन तिथेच कट झाला असता तर? नुसत्या ‘मारतायत’वर गाडी कुठे पाठवणार? मोबाइलवरून जागा कळते खरी, पण दर वेळी दारापर्यंत नेमकी नाही. आणि चार वर्षं तिथे राहणारी मी रस्त्याचं नाव सांगताना अडखळले. आम्ही त्याला ‘मागचा रस्ता’च म्हणतो.

मग प्रश्नावर प्रश्न. आत्ता चालू आहे का? किती जण? अंगावर काय? गाडीचं तोंड कुठे? हातात काही आहे का? मी म्हटलं, सुरा असेल. “दिसतोय, की वाटतंय?” नीट बघितलं तर चमकत होता तो मोबाइल. शेवटी माझा तोल सुटला, “अहो, आधी गाडी पाठवा ना!” त्या शांतपणे म्हणाल्या, “गाडी निघालीय. मी विचारतेय ते त्यांना सांगायला.”

हे वाक्य मला आधी ऐकायला मिळायला हवं होतं. आपण बोलत असतानाच माहिती पुढे जात असते, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. त्याला वाटतं चौकशी संपेपर्यंत सगळं थांबलंय, मग तो वैतागून फोन ठेवतो. माझ्या हाताखालच्या मुलीने हे तिसऱ्या मिनिटाला सांगितलं असतं तर मी गुण कापले असते. इथे अर्धा तारा कापला.

समोर सहा खिडक्यांत दिवे लागले होते. मी विचारलं, “आधी कुणी कळवलंच असेल ना?” म्हणाल्या, “नाही, तुमचाच पहिला.” डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग मी वाचलेला आहे. इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचं ऐकू येतं. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्क्यांनी ती फिट संपायच्या आत कळवलं. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तिथे ३१ टक्के. हे माहीत असूनही मी पडद्याआड मिनिटभर उभी होते, सातव्या खिडकीत. (माझा दिवा बंद होता, एवढाच फरक.)

गाडी अकरा मिनिटांत आली. मार खाल्लेला माणूस स्वतःच्या पायांवर उभा होता. इथवर उत्तम. पण उतरल्या उतरल्या एकाने वर बघून मोठ्याने विचारलं, “तिसऱ्या मजल्यावरून फोन कुणी केला?” ते दोघं शेजारीच उभे! नाव देणार नाही असं मी फोनवर सांगितलं होतं. मजला सांगितला तो कुठून दिसतंय हे कळावं म्हणून. पूर्ण एक तारा गेला. लेखी तक्रार दिलीय, पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

त्या बाईंना मात्र माझ्याकडून पाचपैकी पाच. मी नाव द्यायला नको म्हटल्यावर त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. त्यांचं विचारायचं माझ्याकडूनही राहून गेलं.